भुताचे सिनेमे आणि देवाचा प्रश्न

‘अध्यात्मावर लिहिता आणि भुताचे सिनेमे बघता? हे जमतं कसं?’ असं मला बरेच जण विचारतात. काहींच्या सुरात थोडी काळजीही असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, देवाविषयीचे अडचणीचे प्रश्न मला भक्तिपटांपेक्षा भयपटांनीच जास्त घातलेत.

‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) घ्या. सैतानानं झपाटलेल्या एका मुलीची गोष्ट. गरकन फिरणारी मान आणि हिरवी ओकारी सगळ्यांच्या लक्षात राहते. माझ्या डोक्यातून जात नाही तो फादर कॅरस. जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री, शिवाय मानसोपचारतज्ज्ञ. श्रद्धा आधीच डळमळलेली, त्यात आई एकटीच गेल्याची टोचणी. सैतान नेमका त्या आईच्याच आवाजात बोलतो. शिव्या देतो, टोमणे मारतो, गप्प बसतच नाही. देव मात्र चकार शब्द काढत नाही. सैतान उतरवण्याचा विधी करायला आलेले वृद्ध फादर मेरिनही मध्येच प्राण सोडतात. शेवटी कॅरस ‘मला घे’ म्हणत ते सगळं स्वतःवर ओढवून घेतो आणि खिडकीतून झेप टाकतो. मुलगी वाचते.

मग जिंकलं कोण? बऱ्याच प्रेक्षकांना वाटलं, सैतान. कथा लिहिणारे विल्यम पीटर ब्लॅटी स्वतः कॅथलिक, त्यांना हे लागलं. जिन्यावरचा एक संवाद आधी कापला गेला होता, तो २००० सालच्या आवृत्तीत परत आला. ‘हीच मुलगी का?’ असं कॅरस विचारतो. मेरिन म्हणतात, आपण हताश व्हावं म्हणून. आपण जनावरं आहोत, ओंगळ आहोत, देव आपल्यावर प्रेम करूच शकत नाही असं वाटावं म्हणून. पलंग हलवणं ही नुसती करमणूक झाली, खरा घाव हा.

भीतीचं आणि भक्तीचं नातं तसं जुनंच. जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ऑटो यांनी १९१७ मध्ये मांडलं की पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि ओढ एकत्रच असतात. भुताची भीती त्यांनी त्याचीच कच्ची पायरी मानली. गीतेचा अकरावा अध्यायही त्यांनी दाखल्याला घेतला. अर्जुनानं विश्वरूप हट्टानं मागून घेतलं आणि विक्राळ दाढा दिसताच ‘दिशो न जाने न लभे च शर्म’ (दिशा कळेनात, चैन पडेना) म्हणत नेहमीच्या रूपासाठी विनवण्या सुरू केल्या. तिकीट काढून डोळे झाकणारे आपणही त्याच जातीचे.

अर्थात सगळेच भयपट असे नसतात. क्रूस दाखवला की भूत पळालं, मंत्र पुटपुटला की खेळ खलास, तिथे देव म्हणजे डासांची अगरबत्ती. तेही मी बघतो. त्यानंतर झोप छान लागते.