शब्दवही, टप्पा चौथा : स्पेलिंग हललं की जीभ?

स्पेलिंग एक आणि उच्चार वेगळाच अशा इंग्रजी शब्दांची कार्डं या वहीत आहेत. या खेपेपासून प्रत्येक कार्डावर अर्थ, उच्चार आणि मूळ यांच्या जोडीला चौथा रकाना आहे : आधी काय बदललं, स्पेलिंग की उच्चार? नुसतं ‘अमुक अक्षर मूक’ असं लिहिलं की आठवड्याभरात विसरायला होतं. अक्षर मूक का, हे कळलं की उच्चार पक्का बसतो.

पी-टी-ए-आर-एम-आय-जी-ए-एन. उच्चार टार्मिगन, जोर ‘टा’वर. थंड डोंगराळ मुलखातला, हिवाळ्यात पांढरा होणारा पक्षी. शब्द स्कॉटिश गेलिकमधला, आणि तिथे ‘पी’चा मागमूस नाही. पंख या अर्थाच्या ग्रीक ‘प्तेरॉन’शी त्याचं नातं आहे अशा गैरसमजातून तो चिकटवला गेला. रकान्यात : स्पेलिंग हललं.

व्ही-आय-सी-टी-यू-ए-एल-एस, म्हणजे शिधा. उच्चार ‘व्हिटल्झ’, ‘व्हिक्च्युअल्स’ ही हमखास होणारी चूक. जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘सी’ नव्हता, लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी तो घातला. याच हौसेपायी ससाण्याच्या ‘फाल्कन’मध्ये ‘एल’ आला, पण तिथे उलटं घडलं. पूर्वीचा ‘फॉकन’ मागे पडला आणि जीभ स्पेलिंगच्या मागे गेली. म्हणून ही दोन कार्डं शेजारी ठेवावीत.

खलाशांचे शब्द वेगळ्या गठ्ठ्यात. जहाजाच्या पुढच्या भागाचा ‘फोर-कासल’ म्हणायचा तो ‘फोक्सल’, नावेच्या काठाचा ‘गन-वेल’ तो ‘गनल’, आणि खलाशांच्या मुकादमाचा ‘बोट-स्वेन’ तो ‘बोसन’. इथे कोणी अक्षर घुसवलेलं नाही, रोजच्या हाकाऱ्यात शब्दच झिजले. जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या पहिल्या उच्चारखंडावर, असल्यामुळे पुढचा भाग गळत गेला. रकान्यात : जीभ हलली.

टी-ई-ए-पी-ओ-वाय हे कार्ड मराठी माणसाने तरी वगळू नये. आपला टीपॉय! चहाशी मूळ संबंध नाही, तिपाईचे तीन पाय आहेत ते. पण ऐकणाऱ्या इंग्रजांना त्यात ‘टी’ ऐकू आला आणि स्पेलिंग चहाचं झालं.

आता देवनागरीत उच्चार लिहिताना अडतं कुठे ते. एस-वाय-झेड-वाय-जी-वाय : ‘सिझिजी’. सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत येणं. अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे उधाणाच्या भरतीच्या सुमारास, हेच घडतं. यातल्या ‘झि’मध्ये ‘झाड’मधला हकार नको, आणि ‘जी’ मात्र ‘जीभ’मधलाच. पाताळाशी संबंधित या अर्थाच्या ‘थॉनिक’चं स्पेलिंग सी-एच-टी-एच ने सुरू होतं, त्यातला ‘थ’ आपल्या ‘थाळी’चा नाही, जिभेचं टोक दातांशी टेकवून हवा सतत सोडायची. अशा थ-झ खाली टिंब द्या आणि जोराचा अवयव अधोरेखित करा. जोर चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही ऐकणाऱ्याला शब्द कळत नाही. ‘सिनेक्डकी’त (भाग सांगून संपूर्ण वस्तू सुचवणारा अलंकार, एस-वाय-एन-ई-सी-डी-ओ-सी-एच-ई) तो ‘ने’वर आहे, आणि शेवटचा ‘ई’ उच्चारायचाच.

एक कार्ड चौथ्या रकान्यात बसेना : सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल, म्हणजे ‘कर्नल’. इटालियन वळणाचं ‘एल’चं रूप आणि फ्रेंचमधून आलेलं ‘आर’चं रूप, दोन्ही इंग्रजीत एकाच वेळी चालत होती. स्पेलिंग पहिल्याचं टिकलं, उच्चार दुसऱ्याचा. तिथे ‘दोन्ही’ असं लिहिलंय.