मेसचं उष्टं, कॅम्पसची पानं आणि एक फाइल : माझा अनुभव

आमच्या हॉस्टेलमध्ये मेसच्या ओल्या कचऱ्याचं खत होतं हे कळल्यापासून बऱ्याच जणी विचारतात, परवानगी कोणी दिली, वास येत नाही का, रोज करतं कोण. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मी नागपूरला पीजी करते, अमरावती रोडच्या बाजूला कॅम्पस आहे, जुनी झाडं भरपूर, कडुनिंब, करंज, पिंपळ, मागच्या बाजूला थोडा साग. कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही, कारण हे कुठल्याही हॉस्टेलला जमण्यासारखं आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, खत बनवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, ते काम जंतू करतात. आपल्याला करायची असतात ती दोनच कामं, परवानगी काढायची आणि रोज कोण करणार ते ठरवायचं, आणि बहुतेक कॅम्पसवरचे उपक्रम या दुसऱ्या कामाशी येऊन संपतात.

सुरुवात भांडेवाडीच्या कचरा डेपोपासून झाली. एनएसएसकडून आम्हाला तिथं नेलं होतं. पूर्व नागपुरातल्या लोकांना सांगायला नको, पण वेस्टला राहणाऱ्यांनी एकदा तरी तो डोंगर बघून यावा. आपण घंटागाडीत टाकलं की आपल्यापुरता कचरा संपला असं वाटतं, पण शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथंच जाऊन पडलाय. उन्हाळ्यात तिथं आग लागल्याच्या बातम्या येतात, त्याचं कारण तिथं उभं राहिल्यावर नीट समजलं. ओलं अन्न ढिगाखाली दबलं की त्याला हवा मिळत नाही, हवेशिवाय कुजलं की मिथेन तयार होतो, आणि मिथेन पेटतो. शिवाय शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापमान वाढवतो. परत येताना बसमध्ये सगळ्या गप्प होत्या आणि माझ्या डोक्यात एकच, की यातलं किती अन्न आपल्या मेसमधून गेलं असेल.

मग आम्ही तिघीचौघींनी मेसचं उष्टं तोलायचं ठरवलं. मेसच्या काकांकडे भाजीचा लटकता काटा होता, तो मागितला. ते म्हणाले, "ताई, तुमी लोकं आता जोशात आहे, परीक्षा लागली की मंग कोन करनार? आमच्याच गळ्यात पडते हे सगळं." त्यांचं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं, आणि पुढे जे काही ठरवलं ते त्यांचं हे वाक्य समोर ठेवूनच ठरवलं.

ताटात उरलेलं आणि भांड्यात उरलेलं वेगवेगळं तोललं. हे वेगळं करणं फार महत्त्वाचं आहे, कारण भांड्यात उरतं तो मेसचा अंदाज चुकलेला असतो आणि ताटात उरतं ते आपलं असतं. दोन्ही मिळून रोज चाळीस किलोच्या आसपास भरत होतं. ताटात सगळ्यात जास्त उरायचा भात, कारण वाढताना एक डाव भरून पडायचा आणि रांग मागे असल्यामुळे कोणी थांबवत नव्हतं. काकांना विनंती करून अर्धा डाव केला, पाहिजे त्यांनी परत घ्यायचा, आणि पाण्याच्या कूलरशेजारी फळ्यावर रोज कालचा आकडा लिहायला लागलो. "अन्न वाया घालवू नका" ही पाटी त्याच भिंतीवर आधीपासून होती, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं, पण आकड्याकडे मुली बघायच्या आणि वाढला तर आपसात बोलायच्या, काल राजमा होता म्हणून वाढला वगैरे. काही आठवड्यांत आकडा पंचवीसच्या खाली आला. म्हणून माझं प्रत्येकीला हेच सांगणं असतं की खताच्या आधी काटा आणा.

आता परवानगी. वॉर्डन मॅडम चांगल्या आहेत, पण त्यांच्या हातात जागा नाही, जागा इस्टेट विभागाची. इस्टेटवाले म्हणाले, वास येईल, उंदीर होतील, उंदरांमागे साप येतील, मुलींचं हॉस्टेल आहे, जबाबदारी कोणाची? प्रश्न चुकीचा नव्हता, आमच्या कॅम्पसवर पावसाळ्यात साप निघतातच. पहिला अर्ज असाच पडून राहिला, आवक क्रमांक मिळाला आणि त्यानंतर कोणाला विचारावं तर "वर आहे" एवढंच उत्तर.

दुसरा अर्ज आम्ही वेगळा लिहिला. पर्यावरण, पृथ्वी, भावी पिढ्या हे सगळं काढून टाकलं आणि तेव्हा लागू असलेले घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ जोडले. त्या नियमांत रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी संस्था मोठी कचरा निर्माती धरली जायची, त्यात विद्यापीठं, कॉलेजं, हॉस्टेलं स्पष्ट लिहिलेली होती, आणि अशा संस्थेने कचरा जागेवरच वेगळा करावा, ओल्या कचऱ्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावावी असं म्हटलं होतं. आमचं एकटं हॉस्टेल शंभरात बसत नाही, पण बाकी हॉस्टेल, दोन्ही कॅन्टीन आणि झाडांची पानं धरली तर कॅम्पस आरामात बसतो. पानांचा मुद्दा वेगळा लिहिला. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की ढीग करून पेटवायची आपल्याकडे सवयच आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला देशभर बंदी घालून साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणातल्या जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवलाय. त्याखाली नॅकचा, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा, सातवा निकष जोडला, त्यात कचरा व्यवस्थापन आणि ग्रीन ऑडिट विचारतात हे ऑफिसात सगळ्यांना माहीत असतं, फक्त कोणीतरी कागदावर आणून द्यावं लागतं.

आणि एक मोलाचा सल्ला दिला तो ऑफिसातल्या क्लार्क काकांनी. आम्ही मोठ्या अभिमानाने "खर्च शून्य" लिहिलं होतं. ते म्हणाले, शून्य लिहू नका, शून्य खर्चाची फाइल कोणत्या हेडखाली घ्यायची तेच कळत नाही, थोडा खर्च दाखवा, विटा आणि गवंड्याची मजुरी, म्हणजे टिपणी तयार होते आणि फाइल चालायला लागते. तसंच केलं आणि फाइल खरंच चालली. उंदीर-सापांच्या प्रश्नावरही तोंडी बोलत बसलो नाही, उत्तर लेखी दिलं, हौद सिमेंटच्या ओट्यावर असतील, विटांच्या फटींना आतून बारीक जाळी असेल, वर झाकण असेल, आणि जागा हॉस्टेलच्या खिडक्यांपासून लांब, कंपाउंडच्या भिंतीजवळ पण नळाच्या जवळ.

हौद तीन केले, साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच, विटांमध्ये फटी सोडून, म्हणजे हवा खेळती राहते. एक भरत असतो, एक मुरत असतो, एक काढायला आलेला असतो. खाली जाड काड्या, मग पानांचा वीतभर थर, मग मेसचा कचरा, मग परत पानं, आणि वर पानंच दिसली पाहिजेत, अन्न उघडं राहिलं की माशा आल्याच. अन्नाच्या एका बादलीला पानांच्या दोन-तीन बादल्या असा आमचा हिशोब. शास्त्र असं की अन्नात नायट्रोजन जास्त आणि पानांत कार्बन जास्त, जंतूंना पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन लागतो, म्हणून नुसतं अन्न सडतं, नुसती पानं वर्षभर तशीच पडून राहतात आणि दोन्ही एकत्र आले की काम सुरू होतं. विरजण म्हणून शेणकाला आणि आंबट ताक.

पहिल्या महिन्यात वास सुटला. कारण शोधलं तर पातळ वरण, मेसमधून बादलीत वरणासकट सगळं येत होतं आणि हौद आत गच्च ओला झाला होता. मग मेसच्या मोरीजवळ भोकं पाडलेला ड्रम ठेवला, पाणी निथळून जायचं आणि घट्ट भाग हौदात. त्यात पानं वाढवली, कुदळीने वरखाली केलं आणि चार-पाच दिवसांत वास गेला. ओल बघायची सोपी पद्धत म्हणजे मुठीत दाबायचं, गोळा झाला पाहिजे पण पाणी टपकलं नाही पाहिजे.

डिसेंबरात एक दिवस सकाळी लोखंडी सळई हौदाच्या मधोमध खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढली, तर धरवत नव्हती, ओढणीने धरावी लागली. बाहेर नागपूरची थंडी, आम्ही स्वेटर घालून उभ्या, आणि पानं बाजूला केल्याबरोबर आतून वाफ निघत होती. चांगला हौद आत ५५-६० अंशांपर्यंत तापतो, त्यात बियाणं आणि रोगजंतू बरेचसे मरतात. जी मैत्रीण आधी नाकाला रुमाल लावून लांब उभी राहायची, तिनेच त्या दिवशी सळई परत परत घालून बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून पाळीत नाव लिहिलं.

त्याच सीझनमध्ये संत्र्याची सालं बादल्या भरून यायला लागली. ती एकदम टाकायची नाहीत, सालीतल्या तेलामुळे हळू कुजतात, चिरून थोडी थोडी मिसळायची. आणि पावसाळ्यात जाड तपकिरी अळ्या दिसतात, त्यावरून हॉस्टेलमध्ये मोठा गोंधळ झाला होता, पण त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, चावत नाहीत, कचरा फार भराभर खातात, आणि त्यांची माशी जेवणावर घोंगावत नाही. औषध मारू नका.

आता ज्यावर मला मनापासून बोलायचं आहे ते. सुरुवातीला कचरा वेगळा करायचं काम नकळत सफाईच्या मावशींवर पडत होतं. मुली ताटातलं सगळं एकाच ड्रममध्ये टाकायच्या, दह्याचे पाऊच, टिश्यू, चॉकलेटचे कागद. मावशी एक दिवस म्हणाल्या, "पोरी, हात घालून मलेच वेचावं लागते, तुमाले फक्त खत दिसते." हे फार लागलं. ज्या उपक्रमाचा फोटो विद्यार्थ्यांचा आणि हात मात्र मावशींचे, तो उपक्रम मी तरी चांगला मानत नाही. मग ड्रमजवळ जेवणाच्या वेळी दोन मुलींची पाळी लावली, ताट रिकामं करतानाच वेगळं करायचं, कोणी मिसळलं तर तिनेच चिमट्याने काढायचं. पाऊचचं दही बंद करून मेसने कुंड्यात लावायला सुरुवात केली, तिथेच निम्मं प्लास्टिक संपलं. आणि वॉर्डन मॅडमच्या मागे लागून माळीकाकांच्या कामाच्या यादीत हौदाचा रोज अर्धा तास लेखी टाकून घेतला, म्हणजे ते त्यांचं पगारी काम झालं, कोणावर उपकार नाही. हातमोजे आणि गमबूट हॉस्टेलच्या खर्चातून. पुढच्या बॅचला यातलं दुसरं काही जमलं नाही तरी ती एक लेखी ओळ राहील.

सुट्ट्यांचा प्रश्न उरतो. एप्रिल-मेमध्ये हॉस्टेल रिकामं होतं, मेस बंद, आणि नागपूरचं ऊन ४५ अंशांच्या पुढे, हौद वरून पापडासारखा वाळतो आणि जंतूंचं काम थांबतं. तेव्हा नवीन भरायचं नाही, हौद ओल्या पोत्यांनी झाकून ठेवायचा, माळीकाका दोन-तीन दिवसांआड पाणी मारतात. त्यासाठी आम्ही कूलरचं पाणी वापरायचा विचार केला होता. कूलरची टाकी तशीही आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची असते, डेंग्यूचा डास त्याच साचलेल्या पाण्यात होतो, आणि आपल्याला पाणी पेंचवरून आणि कन्हानवरून येतं, ते नालीत सोडणं जिवावर येतं. पण कूलरमध्ये पाणी उडून क्षार मागे राहतात, म्हणून ते कुंड्यांना आणि हौदाला न देता मोठ्या झाडांच्या आळ्यात फिरवून टाकतो. जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आत हौदांवर पत्रे हवेतच.

खत साधारण तीन महिन्यांत तयार होतं, काळं, भुसभुशीत, हाताला मातीसारखा वास. चाळून निम्मं कॅम्पसच्या झाडांना जातं, बाकीचं हॉस्टेलमागच्या पालक-मेथीच्या वाफ्यांना. त्याच्या पिशव्या भरून पाहुण्यांना भेट द्याव्या असं वरून सुचवलं गेलं होतं, आम्ही नम्रपणे सांगितलं की आधी आपल्याच झाडांना पुरू दे.

तुमच्याकडे सुरू करायचं असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका, म्हणजे फाइल फिरून येईपर्यंत पानगळ सुरू होते. आणि परवानगी आली नाही तरी फेब्रुवारीपासून पानं पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवायला लागा. मार्च संपला की ढीग पेटलेले असतात आणि मग वर्षभर मेसचं अन्न भरपूर आणि पानं कुठून आणायची, असं होतं. आमची साठवलेली पोती ऑगस्टमध्येच संपली होती, यंदा दुप्पट भरायची आहेत, आणि त्यासाठी दुसऱ्या हॉस्टेलच्या मुलांशी बोलणं चालू आहे.