चुन्याची वर्तुळं

वरोऱ्याकडच्या एका कारखान्याच्या वसाहतीत मी साफसफाईची देखरेख करतो. श्रावणात गवत गुडघ्याला लागलं की गावातला एक पोरगा खांद्याला कटर अडकवून कापणीला येतो. त्या सकाळी मशीन मधेच बंद झाली. जाऊन बघतो तर तो कडुलिंबाखाली उकिडवा बसलेला. कपाळापासून हनुवटीपर्यंत कुत्र्याच्या घाणीचे शिंतोडे, एक डोळा घट्ट मिटलेला. कटरची दोरी घाणीवरून फिरली आणि सगळं तोंडावर उडालं. मी तांब्यातांब्याने पाणी ओतत होतो आणि तो म्हणत होता, "राहू द्या जी साहेब, दर खेपेलेच होते हे."

दर खेपेला! मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चुन्याची पिशवी घेऊन निघालो आणि दिसेल त्या घाणीभोवती पांढरं वर्तुळ काढत गेलो. एकेचाळीस निघाली. लोक फिरायला बाहेर पडले तेव्हा वर्तुळं बघून जागीच थांबत होते. झोपाळ्याखाली चार होती, आणि पोरं तिथं अनवाणी खेळतात. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, की या घाणीतल्या अंकुशकृमी नावाच्या जंताच्या अळ्या ओल्या मातीतून थेट पायाच्या कातडीत शिरतात आणि गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. संध्याकाळच्या बैठकीत मी तेच सांगितलं. कटरवाल्या पोराचं सांगताना माझा आवाज चढला, त्याचं मला वाईट वाटत नाही. त्यानंतर वाद फारसा झाला नाही.

कुत्र्यांची घाण उचलून टाकायचे डबे कुठे लावायचे ते चुन्यानेच ठरवलं. जिथे वर्तुळं दाट होती तिथे तीन खांब. भंगारातले लोखंडी पाइप मिळाले. पण आमची माती काळी, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसता पुरलेला खांब वर्षात कलतो. म्हणून दोन फूट खोल खड्डा, तळाला मुरूम ठोकून वर काँक्रीट. खांबाला झाकणाचा डबा, त्यावर रद्दीच्या चौकोनी कागदांची पेटी, बाजूला साखळीने बांधलेली पत्र्याची सुपली. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी, म्हणून कागद. रोज डबे रिकामे करायला हातमोजे घातलेला माणूस नेमला. हा माल खतखड्ड्यात मात्र जाऊ देत नाही, कारण त्या खतावर मेथी-वांगी होतात. विहिरीपासून लांब, उंचवट्यावर वेगळा खड्डा केला आहे. त्यात टाकून वरून माती.

एका घरच्या काकू आधी फार चिडल्या होत्या. आता त्याच पेटीत घरचे पेपर कापून आणून ठेवतात.

भादव्यात दुसरी कापणी झाली. तोच पोरगा, तोंडाला दुपट्टा बांधलेला. अर्धं मैदान कापून झाल्यावर मशीन थांबली, माझ्या पोटात धस्स झालं. तो गवतात एका जागी बोट दाखवत ओरडला, "साहेब, एकच हाय जी. चुना आना!"