ऑस्प्रेनं पाणी झटकलं तेव्हा कॅमेरा बिझी होता

थंडीत उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला जाणारे बहुतेक जण रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातात, पण माझा जीव ऑस्प्रेमध्ये, म्हणजे मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्यामध्ये अडकलेला. गेल्या डिसेंबरात कुंभारगावच्या काठावरून सकाळी सातला बोट काढली, तासभर काहीच नाही, आणि मग नावाडी दादा हळूच म्हणाले "दादा, तयार राहा, मारतोय बघा झडप". ऑस्प्रेनं पंख मिटून पाय पुढे काढले तसं मी बटण दाबलं ते सोडलंच नाही. ज्यांनी हे बघितलंय त्यांना माहितीये की ऑस्प्रे पाण्यात आपटल्यावर लगेच उडत नाही, दोन-तीन सेकंद पंख पसरून पाण्यावर झटापट करतो, मग मासा घेऊन वर येतो आणि चार-पाच पंख मारले की हवेतच ओल्या कुत्र्यासारखं सगळं अंग झटकतो. मला तो झटकण्याचा फोटो हवा होता, तीन वर्षं त्याच्याच मागे आहे मी. आणि नेमका तेव्हा व्ह्यूफाइंडरमध्ये 'बिझी' आलं! बटण दाबतोय, शटर पडतच नाही, दीड-दोन सेकंदांनी एखादी फ्रेम. डोळ्यासमोर पाण्याचे थेंब उडताना दिसले, मेमरी कार्डात काही आलं नाही.

घरी येताना आख्ख्या रस्त्यात हेच डोक्यात. कॅमेरा कॅनन ८०डी, सेकंदाला ७ फ्रेम, एक रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची, मोठी फाइल) साधारण २९ एमबी. म्हणजे बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) चालू असताना सेकंदाला २०० एमबी माल तयार होतोय, तो आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये जातो आणि तिथून कार्डावर उतरतो. बफर म्हणजे आपल्या गच्चीवरची टाकी समजा, वरून मोटर धो धो पाणी टाकतीये आणि खाली नळ बारीक आहे, टाकी भरली की मोटर बंद करावीच लागते. तो नळ म्हणजे कार्डाचा राइट स्पीड, कार्डावर लिहिलं जाण्याचा वेग.

आणि माझ्या कार्डावर तर मोठ्या अक्षरात १०० एमबी पर सेकंद लिहिलेलं! पण तो रीड स्पीड, म्हणजे नंतर कॉम्प्युटरवर फोटो ओढताना उपयोगी पडणारा. राइट स्पीड बऱ्याच कार्डांवर छापलेलाच नसतो, पाकिटाच्या मागे नाहीतर कंपनीच्या साइटवर शोधावा लागतो. मला याचा खरंच राग येतो, कारण कॅमेऱ्यात कार्ड टाकणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तोच आकडा लागतो.

कार्डावरची बाकीची चिन्हं मात्र कामाची आहेत. गोलात १० म्हणजे कमीत कमी १० एमबीनं सलग लिहिणार याची हमी, यू१ पण तेच १०, यू३ म्हणजे ३०, आणि व्ही३०, व्ही६०, व्ही९० मध्ये तर आकडाच सरळ लिहिलेला आहे. माझं जुनं कार्ड क्लास १० आणि यू१ होतं, म्हणजे त्यानं दिलेला शब्द पाळला होता, मीच बघितलं नव्हतं. ही हमी किमान स्पीडची असते हे लक्षात ठेवा, चांगलं व्ही३० कार्ड प्रत्यक्षात ७०-८० नं पण लिहितं आणि बर्स्टसाठी तोच फरक पडतो.

दुकानात गेलो तर ते म्हणाले हे घ्या सर, १७० वालं आहे. इथे एक गोष्ट समजून घ्या, कार्डावर यूएचएसच्या (कार्ड आणि कॅमेरा यांच्यात डेटा नेण्याची पद्धत) पुढे रोमन एक असेल तर त्या पद्धतीची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. त्याच्या वरचे १७०, २०० हे आकडे कंपनीच्या स्वतःच्या जुगाडानं येतात आणि त्यासाठी तसाच रीडर लागतो, कॅमेऱ्यात ते मिळत नाहीत. रोमन दोन असलेली कार्डं ३१२ पर्यंत जातात, उलटं करून बघितलं तर पिनांची दुसरी ओळ दिसते, पण माझ्या कॅमेऱ्याच्या स्लॉटला ती ओळ वाचताच येत नाही, मग दुप्पट-तिप्पट पैसे कशाला? आधी कॅमेऱ्याचं मॅन्युअल काढून स्लॉट कुठला ते बघा आणि मगच दुकानात जा.

मी साधं व्ही३०, ६४ जीबीचं, राइट ९० पर्यंत लिहिलेलं घेतलं. घरी आल्यावर शटर स्पीड १/५०० सेकंद, फोकस मॅन्युअल, समोर पुस्तकांचं कपाट, आणि मोबाइलवर स्टॉपवॉच. जुन्या कार्डावर २१ फ्रेमनंतर अडकला आणि कार्डावर लिहिणं चालू असताना पेटणारा मागचा लाल दिवा विझायला ३२ सेकंद लागले. नवीन कार्डावर २५ फ्रेम आणि १० सेकंद. शिवाय टाकी भरल्यावर पण सेकंदाला दोनेक फ्रेम पडत राहतात, आधी दीड सेकंदाला एक पडत होती. बायको म्हणाली कपाटाचे इतके फोटो कशाला, तिला दोन्ही आकडे दाखवले.

भाचा व्हिडिओ करतो, त्यानं विचारलं मला व्ही९० लागेल का. त्याचा कॅमेरा ४के १०० एमबीपीएसवर रेकॉर्ड करतो. इंग्रजीत लिहिताना यातला बी लहान असतो, म्हणजे बिट, आठनं भागा, साडेबारा एमबी झाले. व्ही३० त्याला भरपूर आहे. ६०० एमबीपीएसचा ऑल-इंट्रा मोड (प्रत्येक फ्रेम वेगळी साठवणारा) वापरणाऱ्यांना ७५ एमबी सलग लागतात, व्ही९० त्यांच्यासाठी.

आणि ऑनलाइन फार स्वस्त मिळालं तर पहिल्या दिवशीच विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवून कार्ड पूर्ण भरून तपासा, नकली कार्डं ६४ सांगतात आणि आत ८ निघतात, ते सुद्धा फोटो गेल्यावर कळतं.

जानेवारीत परत गेलो. ऑस्प्रे लांब एका वाळक्या झाडावर बसून राहिला, हललाच नाही. पण काळापांढरा खंड्या बोटीपासून पंधरा फुटांवर हवेत थरथरत थांबला आणि खाली सूर मारला, मी २४ फ्रेम घेतल्या, शेवटच्या तीनमध्ये तो चोचीत मासा घेऊन पाण्यातून बाहेर येतोय.