भूकंपांच्या यादीत मॅग्निट्यूडचा प्रकार लिहून घ्या: माझा अनुभव

दादरजवळच्या एका टॉवरसाठी भूकंप-धोक्याचा अभ्यास माझ्याकडे आला. २०१६ च्या आयएस १८९३ प्रमाणे, म्हणजे भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे, मुंबई झोन ३ मध्ये येते, पण इतक्या उंच इमारतीला तेवढं पुरत नाही. आजूबाजूला किती लहान, किती मोठे भूकंप होतात याचं गणित हवं, म्हणजे गुटेनबर्ग-रिश्टरच्या सूत्रातले ए आणि बी: ए सांगतो एकूण भूकंप किती, बी सांगतो मोठे भूकंप लहानांच्या मानाने किती कमी. गणित सोपं आहे, सॉफ्टवेअर ते चुटकीसरशी करतं. अडलं ते यादीपाशी.

एका सरकारी कार्यालयाकडे रीतसर अर्ज केला, शुल्क भरलं. बऱ्याच प्रतीक्षेनंतर फाइल आली: तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश आणि नुसता 'मॅग्निट्यूड' असा एक रकाना. भूकंपाचा हा आकार मोजण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत, पण आकडा लोकल, बॉडी-वेव्ह, सरफेस-वेव्ह की मोमेंट, काहीच नाही. फोन केला तर उत्तर, "दिलंय ना मॅग्निट्यूड, आणखी काय हवंय?" पुन्हा पत्र लिहिलं, तर नव्याने अर्ज करा म्हणाले. आजही ते आठवलं की डोकं तापतं, कारण ही क्षुल्लक बाब नव्हे. १९६७ चा कोयनेचा भूकंप एका यादीत ६.३ असतो, दुसरीत ६.५. बॉडी-वेव्ह मॅग्निट्यूड साधारण सहाच्या पुढे नीट वाढतच नाही. सगळे आकडे एकाच मापात आणल्याशिवाय सरळ रेषा बसवली, तर तिचा उतार, म्हणजेच बी, खोटा. चारच्या वरच्या भूकंपांची वार्षिक संख्या तीच ठेवून बी १.० ऐवजी ०.८ धरा: सहाच्या वरचे भूकंप अडीचपट होतात. त्यावर इमारतीचं पोलाद ठरतं आणि तिथे माणसं राहणार असतात!

शेवटी त्या कार्यालयाची वाट बघणं सोडलं. आंतरराष्ट्रीय भूकंप केंद्राचं, म्हणजे आयएससीचं बुलेटिन सर्वांसाठी खुलं आहे. त्यात प्रत्येक संस्थेचा आकडा प्रकारासकट वेगळा असतो. वेळ आणि ठिकाण जुळवत एकेक नोंद तपासली, मग सगळं मोमेंट मॅग्निट्यूडमध्ये बदललं. ज्या नोंदी जुळल्या नाहीत, त्यांना जास्त अनिश्चितता दिली. तुम्ही मात्र पहिल्याच अर्जात मॅग्निट्यूडचा प्रकार, नोंदवणारी संस्था आणि खोली हे तीन रकाने स्पष्ट मागा.

आफ्टरशॉक, म्हणजे मोठ्या भूकंपामागून येणारे धक्के, गार्डनर-नोपॉफच्या पद्धतीने यादीतून काढले, त्यात काही अडचण आली नाही. कोयना मात्र वेगळा स्रोत म्हणूनच धरा. तिथली भूकंपीयता धरणाच्या जलाशयाशी निगडित आहे आणि लहान धक्क्यांची नोंद बाकी महाराष्ट्रापेक्षा कितीतरी बारकाईने झाली आहे. दोन्ही एकत्र केलं की यादी कुठपासून पूर्ण मानायची, म्हणजे कितीच्या वरचा एकही भूकंप सुटलेला नाही, तेच कळत नाही. पूर्णतेची वर्षंही प्रत्येक मॅग्निट्यूडला वेगळी निघतात. अशा कमी-जास्त कालावधींतून ए आणि बी काढण्यासाठी वाइखर्टची १९८० ची पद्धत वापरली आणि आलेख पाहून खरंच समाधान वाटलं.

किल्लारी मुंबईपासून सुमारे ४०० किलोमीटर, त्यामुळे अभ्यासाच्या ३०० किलोमीटरच्या वर्तुळात येत नाही. तरी १९९३ चा तो भूकंप कमाल मॅग्निट्यूड ठरवताना नजरेआड करू नका. शांत समजल्या जाणाऱ्या दख्खनच्या पठारावरच तो झाला होता.

आणखी एक राहिलं. बी काढायला आकीचं सूत्र वापरणार असाल आणि मॅग्निट्यूड ०.१ च्या टप्प्यात असेल, तर किमान मॅग्निट्यूडमधून ०.०५ वजा करा. आणि बीसोबत तिची त्रुटीही अहवालात द्या: बी भागिले नोंदींच्या संख्येचं वर्गमूळ. शंभर नोंदी असतील तर ती दहा टक्के येते.