“उन्हानं होतंय” म्हणण्याआधी: नववा महिना आणि सोलापूरचा मे

सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. त्यात आठवा-नववा महिना आला की पाय सुजले, डोकं दुखलं, पोट ताणलं, कशालाही घरात एकच उत्तर मिळतं, “उन्हानं होतंय”. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण उन्हाचं काय आणि बाळंतपणाचं काय, हे वेगळं करता आलं पाहिजे. शेवटच्या दोन महिन्यांत घात होतो तो बहुतेक इथेच.

सुजेपासून सुरू करू. दिवसभर उभं राहून संध्याकाळी घोट्यांवर सूज आली, रात्री पाय उशीवर ठेवून झोपलं आणि सकाळी उतरली, तर ती उन्हाची. चेहऱ्यावर, डोळ्यांखाली सूज, एक-दोन दिवसांत बोटातली अंगठी घट्ट होणं, हे वेगळं प्रकरण. सोबत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या आणि लघवीत प्रथिनं जातात का ते तपासून घ्या. 140/90 किंवा त्यापुढे आकडा गेला की दवाखाना, 160/110 असेल तर थेट भरती. डोक्याला बाम चोळून झोपवण्यात रात्र घालवू नका.

दुसरी गोष्ट ‘उन्हाळी लागणं’. लघवीला जळजळ झाली की सब्जा, धण्या-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. ते प्यायला हरकत नाही, पण गरोदरपणात ही जळजळ पुष्कळदा जंतुसंसर्गाची असते. तो वर मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी-ताप येतो आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. म्हणून लघवीची तपासणी आधी, सब्जा नंतर. खाजेचंही तसंच आहे. मानेवर, छातीखाली पुरळ दिसतंय तर घामोळं. पुरळ काहीच नाही, पण रात्री तळहात-तळपाय खाजतात, तर यकृताच्या कामात बिघाड असू शकतो. त्याचा बाळाला धोका असतो आणि रक्ततपासणीतच तो कळतो.

पोट कडक होण्याचा गोंधळ सगळ्यात जास्त. अंगातलं पाणी कमी झालं की गर्भाशय आवळतं. तेव्हा आधी लघवीला जाऊन या, दोन ग्लास पाणी प्या आणि डाव्या कुशीवर तासभर पडा. थांबलं तर खोट्या कळा. खऱ्या कळा पाण्याने किंवा कूस बदलून थांबत नाहीत, कंबरेतून सुरू होऊन पुढे येतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. अंतर मोजायचं ते एका कळेच्या सुरुवातीपासून दुसऱ्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ, असं तासभर चाललं की निघायचं. दुसऱ्या खेपेला इतकं थांबू नका, तेव्हा वाट फार झपाट्याने उघडते. आधी सिझेरियन झालं असेल तर कळा नियमित होताच निघा. आणि 37 आठवडे भरलेले नसताना तासात चार-पाच वेळा पोट कडक होत असेल, तर अंतर मोजत बसायचं नाही.

ओलं लागतंय ते घाम, लघवी की पाणमोटीचं, म्हणजे बाळाभोवतीच्या पिशवीतलं पाणी? कोरडी सुती घडी लावून अर्धा तास आडवं व्हा, मग उभ्या राहा. उभं राहताच पुन्हा ओघळ आला, लघवीचा वास नाही, तर पाणमोट फुटली असं धरा. वेळ लिहून ठेवा, रंग बघा. कळा नसल्या तरी जायचंच. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केली आहे, एक मिनिटही दवडू नका. लाल रक्त जात असेल तरी तेच. कळांच्या आधी जाणारा रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव मात्र घाबरण्यासारखा नसतो.

“नवव्यात बाळाला जागा पुरत नाही म्हणून कमी हलतं” हे वाक्य अजून ऐकू येतं. चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी वळवळ जाणवते, पण प्रमाण घटत नाही. जेवणानंतर कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर दवाखाना गाठा. सरबत पाजून सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, थोडं-थोडं. लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे. बीपी वाढलेलं असेल तर मिठाचं ताक आणि ओआरएस डॉक्टरांना विचारून. पाणी कोणतं, हा त्याहून मोठा प्रश्न. आपल्याकडे नळ रोज येत नाही, साठवण करावीच लागते. प्यायचं पाणी उकळून, झाकून, ओगराळ्याने काढून घ्या. पाण्याच्या दिवशी भरलेल्या घागरी उचलायचं काम घरातल्या दुसऱ्यांनी करायचं. रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस आणि गोळा हे दोन महिने बंदच. दूषित पाण्यातून येणारी ‘ई’ कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते.

लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, चहाच्या आगेमागे नाही. कॅल्शियम जेवणासोबत आणि दोन्हींत दोन तासांचं अंतर. शी काळी होते, ते लोहामुळे. कळा याव्यात म्हणून घरच्या घरी एरंडेल देऊ नका. जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, आणि बाळंतपणाला ताकद लागते तेव्हाच बाई गळून जाते.

माहेरी बाळंतपणाला येणाऱ्यांनी 34व्या आठवड्याच्या आत यावं. पुण्याकडून येताना एसटीपेक्षा रेल्वे बरी, उठून चालता येतं आणि संडासाची सोय असते. रक्तगट, हिमोग्लोबिन, सगळ्या सोनोग्राफी आणि माता-बाल संरक्षण कार्ड एका फाइलीत हवं. जिथे बाळंतपण व्हायचं, तिथे कळांच्या आधी एकदा तरी दाखवून नाव नोंदवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं का, हे पहिल्या भेटीतच सांगा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि गाडी मोफत आहे. गाडीसाठी 102, तातडीला 108. तरी रात्री दोनला हाकेसरशी येईल असा गल्लीतला एक रिक्षावाला ठरवून ठेवाच.

बॅगेचं फार मनावर घेऊ नका. फाइल, आधार, बँकेचं पासबुक, पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, मोठे पॅड. बाळाला पाच-सहा झबली, डझनभर लंगोट, चार दुपटी, एक टोपडं, सगळं आधी धुऊन उन्हात वाळवलेलं. घरात मऊ पडलेला जुना सोलापुरी टॉवेल असेल तर बाळ पुसायला त्यासारखं दुसरं काही नाही, नवा टॉवेल सुरुवातीला पाणीच टिपत नाही.

मे महिन्यात बाळंतिणीची खोली बंद करून आत शेगडी पेटवणं मात्र खरंच थांबवायला हवं. कोळशाचा धूर बंद खोलीत विषारी ठरतो आणि बाळाचं अंग तापतं. कूलर चालेल, झोत अंगावर नको. चीक, म्हणजे आईचं पहिलं दूध, फेकू नका, जन्मानंतर तासाभरात पाजा. मध आणि गुटी नको, आणि कितीही ऊन असलं तरी सहा महिने वरचं पाणी नको, आईच्या दुधात ते पुरेसं असतं. दूध पुरतंय का ते लंगोटांवरून कळतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी ओले व्हायला हवेत. कमी झाले किंवा लंगोटावर लघवीचे गडद पिवळे डाग दिसले, तर बाळ जास्त वेळा अंगावर घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.