जखम जिभेवर, मग मानेचं ऑपरेशन कशाला?

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की घरात हा प्रश्न हमखास निघतो. जखम जिभेवर आहे, मानेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफी पण क्लिअर आहे, मग डॉक्टर मान कशाला उघडतायत? मामांच्या वेळी मामी तर सरळ म्हणाली होती की आत्ता जिभेचं करा, मानेचं गाठ आली तर बघू. त्यानंतर ओळखीपाळखीतून बरेच फोन आले हाच प्रश्न घेऊन, म्हणून एकदा नीट सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाहीये, पण हा सगळा प्रकार जवळून बघितलाय आणि त्यावर भरपूर वाचलंय.

पायात काटा मोडून पिकलं की जांघेत अवधाण येतं हे आपल्याकडे कुणालाही माहीत असतं. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, कारण मधे लिम्फच्या बारीक नळ्या आहेत आणि त्या त्या भागाचं पाणी (त्यालाच लिम्फ म्हणतात) ठरलेल्या नोडमध्येच, म्हणजे त्या वाटेवरच्या गाळणीसारख्या छोट्या गाठींमध्येच जातं. रक्तातून जे पाणी पेशींच्या मधे पाझरतं त्यातलं उरलेलं, रोजचं काही लिटर, ह्या नळ्या उचलतात आणि नोडमधून गाळून मानेच्या बुडाशी परत रक्तात सोडतात. जिभेचं पाणी कुठे जातं तर जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या नोडमध्ये. शरीरातल्या एकूण नोडपैकी साधारण एक तृतीयांश एकट्या मानेत आहेत, म्हणजे बघा.

आता ह्या नळ्यांची भिंत कशी असते ते समजलं की पुढचं सगळं समजतं. अगदी टोकाच्या लिम्फच्या नळ्यांना रक्तवाहिनीसारखं पक्कं अस्तर नसतं, पेशींच्या कडा एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या असतात आणि बाहेर पाणी साठलं की त्या आतल्या बाजूला उघडतात. जंतू आणि मोठे कण आत घेता यावेत म्हणून ही सोय आहे, पण त्याच फटीतून कॅन्सरची पेशीपण आत शिरते. त्यात काही ट्यूमर व्हीईजीएफ-सी नावाचं प्रोटीन सोडतात, त्याने आजूबाजूला नवीन लिम्फच्या नळ्या फुटतात. आणि जीभ म्हणजे अख्खा स्नायू, बोलताना खाताना गिळताना सतत हलणारा, प्रत्येक हालचालीला लिम्फ पुढे ढकललं जातं. त्यामुळे जिभेवरची जखम छोटी दिसली तरी ती आत किती मिलिमीटर खोल गेलीय हे डॉक्टर एवढं का बघतात ते लक्षात येतं, 2018 पासून लागू झालेल्या स्टेजिंगमध्ये तर ही खोली धरूनच स्टेज ठरते.

नोडमध्ये आलेल्या पेशी सुरुवातीला एक-दोन मिलिमीटरचा ठिपका असतात. तो हाताला लागत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही, सीटीत पण सुटतो. म्हणून "गाठ आली तर बघू" हे ऐकायला बरोबर वाटतं पण गाठ हाताला लागेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

आणि ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्या मुंबईतच शोधलं गेलंय, ह्याचं मला खरंच फार कौतुक वाटतं. मानेतल्या नोड काढून मान आधीच साफ करावी की गाठ येईपर्यंत थांबावं ह्यावर जगभरचे सर्जन कित्येक दशकं वाद घालत होते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने 2004 पासून पेशंट घेतले, सगळे सुरुवातीच्या स्टेजचे आणि मानेत गाठ नसलेले, अर्ध्यांची मान तोंडाबरोबरच ऑपरेट केली आणि अर्ध्यांची गाठ आली तरच. 500 पेशंटचा निकाल 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. तीन वर्षांनी आधीच ऑपरेशन केलेल्यांतले 80 टक्के जिवंत होते आणि थांबलेल्यांतले 67.5 टक्के. ज्यांच्या मानेत काही नाही असं वाटत होतं त्यांच्यापैकी जवळपास 30 टक्के लोकांच्या नोडमध्ये कॅन्सर निघाला. जखमेची खोली 3 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मात्र फारसा फायदा दिसला नाही, त्यामुळे सगळ्यांना सरसकट एकच नियम असं नाही, डॉक्टरांना खोली किती आहे हे जरूर विचारा. काही ठिकाणी आता सेंटिनेल नोड म्हणजे जिथे लिम्फ सगळ्यात आधी पोचतं तेवढीच नोड शोधून तपासतात, पण त्याला ट्रेसर (लिम्फची वाट दाखवणारा पदार्थ) आणि तयार टीम लागते, सगळीकडे होत नाही.

मामांच्या रिपोर्टमध्ये तेच झालं. तीसेक नोड काढल्या, एकीत 4 मिलिमीटरचा ठिपका. तो नोडच्या कवचाबाहेर फुटलेला नव्हता, तो फुटला असता तर रेडिएशनबरोबर केमोपण लागली असती. रिपोर्ट हातात आल्यावर किती नोडपैकी किती पॉझिटिव्ह आणि कवचाबाहेर गेलंय का, ह्या दोन ओळी आधी शोधा.

ऑपरेशननंतर एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी कारण घरचे प्रचंड घाबरतात. मानेतून एक ड्रेनची नळी बाहेर काढलेली असते, रोज सकाळी सिस्टर त्यातलं पाणी मोजून लिहितात. आधी लालसर, मग पिवळट असं कमी कमी होत होतं, आणि नाकातल्या नळीतून दूध सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये चक्क दुधासारखं पांढरं. मामीला वाटलं दूधच गळतंय, टाका सुटला. तसं नव्हतं. आतड्यात पचलेलं फॅट रक्तात न जाता लिम्फमध्ये जातं, पोटातून छातीतून वर चढणारी मोठी नळी ते घेऊन डाव्या बाजूला मानेच्या बुडाशी शिरेत सोडते, आणि डाव्या मानेच्या खालच्या भागात काम करताना ह्या नळीची एखादी बारीक फांदी कधीकधी दुखावते. मग नेहमीचं फॅट बंद, लिम्फच्या वाटेने न जाणारं वेगळं तेल घातलेला फीड, मानेवर दाबाची पट्टी. मामांचं तेवढ्यावरच थांबलं. काहींना परत ऑपरेशन लागतं, म्हणून रंग बदलला की लगेच सांगायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

खांद्याचं पण आधीच विचारून घ्या. खांदा उचलणारी नस ह्याच नोडच्या गर्दीतून जाते, सर्जनने ती वाचवली तरी ताणली जाते आणि हात वर नेऊन केस विंचरणं जमत नाही. फिजिओथेरपी डॉक्टरांनी सांगितलं की लगेच सुरू करा. दुखतं म्हणून हात पोटाशी धरून बसलेले पेशंट मी बघितलेत, त्यांचा खांदा आखडून जातो. आणि सकाळी उठल्यावर हनुवटीखाली सूज दिसली तर ती लगेच नवीन गाठ समजू नका, नोड काढल्यावर आणि रेडिएशननंतर लिम्फचे रस्ते कमी होतात, रात्री आडवं झोपल्याने पाणी साठतं आणि दिवसभर बसून-फिरून उतरतं. मामांना फिजिओवाल्या ताईंनी ह्यासाठी हलक्या हाताचा मसाज शिकवलाय. न उतरणारी, कडक, न दुखणारी गाठ मात्र वेगळी, ती लागली की पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायची, कारण मानेत परत येणारा कॅन्सर बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच येतो.